तुळसाने दोन दिवस नेलेला दगड

तुळसाने दगड नेला माघात, दोन दिवसांनी परत आणून दिला, आणि त्यानंतर जनीच्या सुरीची धार उतरत गेली ती गेलीच. जनीच्या मते ह्यात आणखी विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दगड चांगला होता, तुळसाने नेला, आता वाईट आहे. शेंबड्या पोरालाही कळेल.

ह्या दोघी मुरुडच्या मासळी बाजारात तीस वर्षं एकाच ओट्यावर मांडीला मांडी लावून बसत. त्या मासे विकत नसत, कापून देत. गिऱ्हाइकाने कोळणींशी हुज्जत घालून सुरमई घ्यायची आणि तुकडे करायला ह्यांच्याकडे आणायची. दोघींचं पोट सुरीच्या धारेवर होतं. बोथट सुरीखाली पापलेटाची कातडी ओढली जाते, पोट फुटतं, आणि तव्यावर तुकडा टाकला की त्याचा चुरा होतो. असं दोनदा झालं की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही.

म्हणून ओट्यावर एक रीत होती. आपल्या धारेची परीक्षा आपण करायची नाही. रोज सकाळी बसल्या बसल्या जनीने आपली सुरी दोघींच्या मधे ठेवायची, तुळसाने ती उचलून अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायची. पातं नखात अडलं तर धार आहे, सरकलं तर नाही. मग तुळसाने आपली सुरी ठेवायची आणि जनीने बघायची. सुरी हातात मात्र कधी द्यायची नाही, खालीच ठेवायची, कारण हातोहात दिलेल्या सुरीने भांडण होतं हे कोणाला सांगावं लागत नाही. तीस वर्षांत दोघींचं भांडण झालं नव्हतं, तेव्हा रीत खरीच असणार.

जनीचा दगड तिच्या सासूचा. राजपुरीच्या खाडीकडून आणलेला, करड्या रंगाचा, अंगात एक पांढरी शीर. पाणी शिंपडलं की चार हात फिरेपर्यंत त्याच्यावर पातळ गाळ यायचा, आणि त्या गाळानेच पात्याला खरी धार चढायची. आधी सासूच्या आणि मग जनीच्या हाताने त्याला मधे खोलगटी आलेली होती. डोळे मिटून सुरी ठेवली तरी ती आपोआप त्या वाटेला लागायची. घराच्या मागच्या पडवीत, पाण्याच्या पिंपाशेजारी त्याची जागा होती, आणि जनी तो कोणाला देत नसे.

तुळसाला दिला हीच चूक झाली. तिच्या मुलीचा साखरपुडा होता, शंभर पानं उठायची होती, आणि ऐन वेळी तिचा दगड विहिरीच्या काठावरून पडून दुभंगला.

"आयचा येक हाय घरात, पन तो मला चालत न्हाय," तुळसा म्हणाली होती.

घरात दगड असून चालत नाही म्हणजे काय, हे जनीला तेव्हाच खटकलं होतं. पण शंभर पानांचा प्रश्न होता, म्हणून दिला.

महिन्याभराने एका सकाळी तुळसाने जनीची सुरी नखावर टेकवली आणि म्हणाली, "जने, आज सरकते गो."

जनीने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठ दिवस रोज "सरकते गो" ऐकल्यावर जनीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. घरी ती दुप्पट वेळ दगडावर बसत होती, हात भरून येत होते, मग सुरी सरकेल कशी? सरकत नसेलच. तुळसा उगाच म्हणत असेल. आपला हात गेला, आपण म्हाताऱ्या झालो, असं चारचौघींना ऐकू जाईल अशा आवाजात रोज म्हणायचं म्हणजे गिऱ्हाईक आपोआप एक हात पलीकडे सरकतं. काय शहाणी बाई!

मग इक्बालभाईंच्या हलवा माशाची गोष्ट झाली. कुवेतला वीस वर्षं काढून आलेला हा माणूस मासा फक्त जनीकडूनच कापून नेत असे. त्या दिवशी संध्याकाळी तो पिशवी घेऊन परत आला.

"जनीबाई, बुरा मत मानो," तो अदबीने म्हणाला, "पण घरी बेगम विचारते, हलवा सुरीने कापला की ओरबाडला?"

पुढच्या जुम्म्याला तो आला, जनीकडे बघून ओशाळं हसला आणि मासा तुळसापुढे ठेवला. तुळसाने तो कापला, आणि तुकडे असे पडले की जनीने मान फिरवली. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दगड उन्हात नेऊन उलटासुलटा केला. शीर होती, म्हणजे दगड बदललेला नव्हता. पण मधल्या खोलगटीत बोट फिरवलं तर वाट मोडल्यासारखी लागत होती, मधेच एक उंचवटा, त्याच्या दोन्ही अंगांना उतार. सुरी ठेवली की ती डुलायची. दोन दिवसांत दगडाची ही दशा? तुळसाने त्याच्यावर पहारी घासल्या असतील, नाहीतर सिमेंटवर उलटा रगडला असेल. आणि तेही मुद्दाम.

नवीन दगड घ्यावा म्हणून ती बाजारपेठेत हर्षदच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. हर्षदने कानशी, चाकं, खोक्यातले दगड असं सगळं पुढ्यात मांडलं. कानशीला जनीने हातही लावला नाही. कानस पातं खाते, धार देत नाही. एकेक दगड तिने रुपयाच्या नाण्याने वाजवून पाहिला, कारण आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. मग पाण्याचा थेंब टाकून तो किती वेळात जिरतो ते पाहिलं. थेंब चटकन प्यायला तर दगड भरड, तसाच बसून राहिला तर काच. नखाने खरवडलं, वास घेतला.

"मासी, पथ्थर छे, दागिना नथी," हर्षद वैतागून म्हणाला. "आ डबल साइड लई जाव. एक बाजू खरखरीत, एक बाजू लीसी. तुळसामासी पण गेल्या महिन्यात हेच घेऊन गेली."

तुळसाने नेला म्हटल्यावर जनीने तो दगड विस्तवासारखा खाली ठेवला. शिवाय जो एका अंगाने खरखरीत आणि दुसऱ्या अंगाने गुळगुळीत, त्याच्यावर माणसाने विश्वास तरी कसा ठेवायचा? ती रिकाम्या हाताने घरी आली आणि रात्रभर कूस बदलत राहिली.

सकाळी ती दगड पिशवीत घालून बाजारात गेली. तुळसाने नेहमीप्रमाणे सुरी उचलण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा जनीने ती खाली ठेवलीच नाही. सरळ तिच्या तळहातात कोंबली.

"घे! बघ! आनी सांग सगळ्यांना, सरकते म्हणून! माझ्या दगडाचं वाटोळं केलंस, आता माझी गिऱ्हाइकं पन घे!"

आख्खा बाजार वळून बघायला लागला. बर्फ फोडणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. तुळसाने सुरी सावकाश ओट्यावर ठेवली, जनीच्या पिशवीतून दगड काढला, आणि खोलगटीवरून अंगठा एकदा वरून खाली, एकदा खालून वर फिरवला.

"जने, ह्याच्यावर दोन हात चाललेत," ती म्हणाली. "येक तुझा. दुसरा डावा हाय. माझी आय डावरी व्हती, तिच्या दगडाला अशीच उलटी वाट हाय, म्हनून तर तो मला चालत न्हाय. मी उजवी. तीस वर्सं बघतेस." तिने दगड खाली ठेवला. "तुज्या घरात डावरं कोन हाय, ते बघ."

मग तिने आपली फळी, पाटी, पाण्याची बादली उचलली आणि बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्फाच्या पेट्यांपाशी जाऊन बसली.

डावरं कोण? हे विचारायला जनीला घरी जायचीही गरज नव्हती. मुलाची, साहिलची बायको प्रणाली. गेल्या वैशाखात लग्न होऊन थळहून आली, आणि चौथ्या दिवशीच, घरात पाहुणे असताना, डाव्या हातात सुरी धरून बोंबील साफ करायला बसली. जनीने तिच्या पुढ्यातली सुरी काढून घेतली होती. "डाव्या हाताने कापलेला मासा आपल्यात कोन खात न्हाय. माज्या सुरीला हात लावायचा न्हाय," असं सगळ्यांदेखत सुनावलं होतं. पोर उठून आत गेली होती. त्यानंतर तिने भाकऱ्या थापल्या, पाणी भरलं, आणि मासा कापायचं नाव काढलं नाही.

तुळसाचं म्हणणं पटलं असं जनी अजून कबूल करायला तयार नव्हती. पुढचे तीन दिवस तुळसा लांबून काहीतरी दाखवायला हात वर करी, आणि जनी तोंड फिरवून बसे. पण घरात मात्र तिची नजर बदलली. साहिल ट्रॉलरवर गेला की पाच-पाच दिवस येत नसे, आणि जनी सकाळी सहाला जाऊन दुपारी दीडला परतायची. मधल्या वेळात ही करते काय? पोरीच्या ओढणीला मासळीचा वास कसा, घरात मासा नसताना? फळीवरचा स्टीलचा चपटा डबा रोज जागा का बदलतो? एकदा जनीने तो हलवून पाहिला. आत लोखंड वाजलं. झाकणाला हात घातला तोच प्रणाली चहा घेऊन आली, आणि जनीने डबा पुसत असल्याचं सोंग केलं.

दगडावर सुरी कशाला घासते ही, कोणाला न सांगता? बाईमाणूस लपून धार कशासाठी लावतं? माहेरी निघून जायचं असेल तर धारेची काय गरज? जनीला नको नको ते सुचायला लागलं, आणि पोरीच्या हातचा चहाही ती आधी नीट बघून घेऊ लागली.

चौथ्या दिवशी निघताना तिने दगडावर चुलीतली राख चिमूटभर भुरभुरली, फुंकर मारली तरी कळेल इतकी पातळ. बाजारात बसली, पण लक्ष लागेना. नऊ वाजताच तिने सुरी गुंडाळली आणि घरी आली. पुढच्या दाराने आली नाही. स्वतःच्याच घरात चोरासारखी नारळीच्या वाडीतून मागे आली.

पडवीत दगड नव्हता. विहिरीकडून आवाज येत होता, सावकाश, एकसारखा. जनी न्हाणीच्या झावळ्यांच्या झापाआड उभी राहिली.

प्रणाली उकिडवी बसली होती, पुढ्यात दगड ओल्या गोणपाटावर, शेजारी तो चपटा डबा उघडा. हातात छोटी सुरी, जनीची नव्हे. डाव्या हातात. पातं असं तिरकं धरलेलं की खाली दोन नाणी सरकवावीत, आणि मुठीपासून टोकापर्यंत हात एका दाबाने जात होता. दहा हात एका अंगाने, दहा दुसऱ्या. मधेच थांबून ती गाळ बोटाने पुन्हा मधे ओढायची. धुऊन टाकायची नाही. हे शिकायला जनीला सासूच्या हाताखाली दोन वर्षं लागली होती. पोरीचा हात बघता बघता जनी क्षणभर कशाला आली होती तेच विसरली. मग आठवलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

"कोनाचा गळा कापायचाय गो?"

प्रणाली दचकली, पण सुरी सुटली नाही. "सुरमईचा," ती म्हणाली.

"चावटपना करू नको!"

"खरंच, आई. क्रांतीताईंच्या लॉजवर जाते मी, दहा ते एक. पाहुण्यांचा मासा साफ करून, कापून द्यायला. नाताळापासून."

"साहिलला ठाऊक हाय?"

"आहे. मीच त्यांना म्हटलं, आईंना मी सांगते."

"मग जीभ झडली व्हती?"

प्रणालीने मान खाली घातली. "सांगणार कशी? चौथ्या दिवशीच तुम्ही सुरी काढून घेतलीत. म्हणून तुमच्या सुरीला मी कधी हात लावला नाही. ही माहेरची आहे. फक्त दगड घेत होते, आणि धुऊन जागेवर ठेवत होते."

"आनी मी तुळशीला शिव्या घालत व्हते, तवा?"

प्रणालीने सुरीवरचा गाळ फडक्याने पुसला. मग म्हणाली, "ते चुकलं माझं. रोज सांगायचं ठरवायची, आणि रोज तुम्ही तापून घरी यायचा. मला भीती वाटली."

जनी विहिरीच्या काठावर बसली. भीती म्हणे. भीतीचं तिला कोणी शिकवायला नको होतं. डाव्या हाताने कापलेला मासा कोणी खात नाही, असा नियम मुरुडलाही नव्हता आणि थळलाही नव्हता. तो जनीने त्या दिवशी, जागच्या जागी केला होता. खरं इतकंच होतं की पोरीने साफ केलेले बोंबील तिने पाहिले, एकाचंही पोट फाटलं नव्हतं, आणि जनीला पुढचं सगळं दिसलं. आज ही घरात कापेल, उद्या ओट्यावर बसेल, परवा लोक विचारतील, सून आहे ना, म्हातारी कशाला? कानामागून आली आणि तिखट झाली, असं होऊ नये म्हणून तिने पोरीला आधीच बाजूला केलं होतं. आणि स्वतःच बाजूला करून, स्वतःच विसरली होती. काखेत कळसा ठेवून तिने सगळा बाजार पालथा घातला होता.

"दाखव," ती म्हणाली.

प्रणालीने सुरी तिच्या हातात दिली नाही. काठावर ठेवली आणि हात मागे घेतला. जनीने ती उचलून नखावर टेकवली, आणि सुरी जागच्या जागी अडली.

"मला पण त्रास होतो हल्ली," प्रणाली हळूच म्हणाली. "मधे उंचवटा आलाय. आपण दोघी एकमेकींची वाट मोडतोय."

दुसऱ्या दिवशी जनी बाजारात गेली ती सुनेला घेऊन. लॉजवर प्रणालीने सुट्टी सांगितली होती. ओट्याकडे न वळता सरळ बर्फाच्या पेट्यांपाशी गेली. तुळसा खवले काढत होती. तिने वर पाहिलं नाही. आजूबाजूच्या कोळणींनी मात्र हातातली गिऱ्हाइकं सोडून पाहिलं. ज्यांच्यादेखत आरोप केला त्यांच्यादेखतच हे बोलायला हवं, एवढं जनीला कळत होतं, आणि तेच जिभेवर येत नव्हतं.

"तुळशे, हात डावाच हाय," ती शेवटी म्हणाली. "माज्या घरातला. तू खरं सांगत व्हतीस, पहिल्या दिवसापासून. मीच खोटी. माज्या तोंडात माती पडो."

खवले उडत राहिले. मासा पुरा साफ करून तुळसा म्हणाली, "पोरीला पुढं कर."

प्रणालीने सुरी पेटीच्या कडेवर ठेवली. तुळसाने हात फडक्याला पुसले, सुरी उचलली, नखावर टेकवली.

"सासूपेक्षा बरी हाय," ती म्हणाली. मग पाटीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड काढलं. "चार दिवस ह्यो पाटीत घेऊन फिरते. तुला दाखवायला आनला व्हता, तर तू तोंड फिरवलंस." फडकं सोडलं तर आत काळसर दगड, मधे खोलगट, वाट जनीच्या दगडाच्या बरोबर उलट. "माज्या आयचा हाय. तुला न्हाय देत, जने. हिला देते."

दगड काही सुरी नव्हे. तो तिने प्रणालीच्या डाव्या हातात ठेवला.

जनी सुनेला घेऊन ओट्यावर आली. प्रणालीला डाव्या अंगाला बसवलं, म्हणजे दोघींची कोपरं आदळायची नाहीत. उजवीकडची तुळसाची जागा ओली आणि रिकामी होती. गिऱ्हाइकं आली. एकाने डाव्या हाताकडे टक लावून पाहिलं, तुकडे पाहिले आणि मुकाट्याने पिशवी पुढे केली. जनीला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही तिने कोणाला दाखवलं नाही.

साडेदहाच्या सुमारास शेजारी फळी आपटल्याचा आवाज आला. तुळसा बसली. पाटी ठेवली, बादली ठेवली. जनीकडे पाहिलं नाही. फक्त आपली सुरी काढून दोघींच्या मधे, रोजच्या जागेवर ठेवली.

जनीने ती उचलली. नखावर टेकवली.

सुरी सरकली.

आजच, ह्याच वेळेला? हे सांगितलं तर तुळसा म्हणेल, बघा, सूड घेते. खोटं सांगितलं तर तीस वर्षांची रीत गेली. तिने पुन्हा टेकवली, आणि पुन्हा सरकली.

"तुळशे," ती कशीबशी म्हणाली, "सरकते गो."

तुळसाने स्वतःच्या नखावर ती लावून बघितलीसुद्धा नाही.

"हर्षदचा दगड मेला गुळगुळीत झाला," ती म्हणाली. "तुजा उद्या आन. वाळू टाकून दोघी मिळून घासू, सपाट करू. मग मी दोन दिवस नेते."

"चार दिवस ने," जनी म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते खवल्यांचं आहे असं दाखवत पदराने पुसलं.